जाम झालेले नट, चिकटलेल्या पुल्या, तुटलेले टॅप: तुम्ही कसे सोडवलेत?

घरच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याची कधी ना कधी हट्टी बोल्टाशी गाठ पडतेच. अशा वेळी तुमच्याकडे नक्की काय चाललं ते लिहा. नुसतं 'तेल सोडलं आणि निघालं' एवढंच नको. भाग कशाने अडकला होता, गंजाने, दोन वेगळ्या धातूंच्या संगतीने की नुसत्या घट्ट बसवणीने, ते आधी सांगा. उपाय त्यावरच ठरतो.

सुरुवात मी करतो. ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्सचं झाकण काढायचं होतं. स्क्रू पोलादी, डोक्यांभोवती पांढरी भुकटी. लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसली की समजायचं, ओल लागून ॲल्युमिनियम झिजलंय. ती आट्यांत ठासून बसते आणि तेलाला आत वाट मिळत नाही. मी हीट गनने स्क्रूभोवतीचं अंग तापवलं. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की एक मीटर पोलाद सुमारे १२ मायक्रॉन वाढतं आणि ॲल्युमिनियम सुमारे २३. म्हणजे दोन्ही सारखंच तापलं तरी भोक स्क्रूपेक्षा जास्त मोकळं होतं. गरम असतानाच स्क्रूच्या डोक्यावर पंच ठेवून सरळ ठोके दिले आणि पाना आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित रेटला. 'कट्' असा बारीक आवाज आला आणि पकड सुटली. पुढे मात्र घाई नको. पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा उलटा, असं करत गेलं की भुकटी दळून बाहेर येते. सलग फिरवलं तर तीच साचून आटे खरवडते.

* * *

माझ्याकडचं प्रकरण लोखंडात लोखंड. जेवढं लोखंड गंजतं त्याच्यापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो, म्हणून नट आतून आवळला जातो. अशा वेळी मी नट तापवते, बोल्ट नाही. चांगला तापला की टॉर्च बाजूला ठेवून आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून फटीत ओढलं जातं, ते डोळ्यांना दिसतं. थोडं निवलं की पाना लावायचा, शक्यतो सहा कोनी रिंग पाना. बारा कोनी पाना गंजलेल्या नटाचे कोपरे लवकर खातो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाजवळ ज्योत नेऊ नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि ते तापलं की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

* * *

बेंच ग्राइंडरचा डावीकडचा नट सुटत नसेल तर आधी दिशा तपासा. त्या बाजूला उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पेडललाही तसेच.

* * *

मोटरच्या शाफ्टवरची बिडाची पुली. पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू काढला तरी पुली ढिम्म. बॅटरीच्या उजेडात भोकात पाहिलं तर खाली आणखी एक ग्रब स्क्रू. पहिला सुटू नये म्हणून एकावर एक दोन बसवण्याची पद्धत आहे, तेव्हा पुलर (भाग ओढून काढायचं साधन) लावण्याआधी त्या भोकात जरूर डोकवा. दुसराही काढला, मग पुलरचे पाय हबजवळ, म्हणजे पुलीच्या मधल्या जाड भागाजवळ, अडकवले. कडेला लावून ओढलं तर बीड वाकत नाही, थेट तुटतं. मधला स्क्रू ताणून ठेवला आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचा एकच कोरडा फटका दिला. नुसत्या ताणाला न हललेली पुली त्या धक्क्याने सरकली. ताण आणि धक्का ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

शाफ्टवरचं बेअरिंग काढतानाही हाच विचार. ओढायचं ते आतल्या कड्याला धरून. बाहेरच्या कड्याला ओढलं तर सगळा भार गोळ्यांवरून जातो आणि बेअरिंग पुन्हा बसवण्यालायक राहत नाही.

* * *

पितळी भागात तुटलेल्या टॅपसाठी (भोकात आटे पाडायचं हत्यार) तुरटी! घड्याळं दुरुस्त करणारे पितळी पट्टीत मोडलेला पोलादी स्क्रू असाच काढतात. टॅप कडक आणि ठिसूळ असतो, साधं ड्रिल त्यावर घसरतं. काचेच्या भांड्यात तुरटीचं दाट द्रावण करून त्यात पूर्ण भाग बुडवला आणि उकळीच्या जरा खाली ठेवला. भोकातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत राहते. ते हायड्रोजनचे असतात, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. बुडबुडे मंदावले की भाग काढून ब्रशने काळा थर घासायचा, पुन्हा बुडवायचा. वेळ बराच लागतो, पण पितळेचे आटे शाबूत राहतात. ॲल्युमिनियमलाही चालतं. पोलादी किंवा बिडाच्या भागाला मात्र अजिबात नाही, तो भागच खाल्ला जाईल.

मोडलेला स्क्रू बाहेर काढायच्या स्क्रू एक्स्ट्रॅक्टरचा मला भरवसा वाटत नाही. तोही टॅपसारखाच ठिसूळ. आत मोडला तर आधीच्यापेक्षा मोठं संकट. त्यापेक्षा उलट्या फिरकीचं ड्रिल बिट बरं, कधी कधी भोक पाडतानाच तुकडा बाहेर येतो. तुटलेला पोलादी स्टड थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून मधून वेल्ड करायचं. पकडायला डोकं मिळतं आणि वेल्डिंगची उष्णताही कामी येते.

* * *

मागून बंद असलेल्या भोकातला बुश, म्हणजे घट्ट बसवलेली धातूची नळी. पुलरला पकड नाही, मागून ठोकायला वाट नाही. बुशात ग्रीस ठासून भरलं आणि आतल्या मापाला नेमका बसणारा गोल रॉड घालून हातोडी मारली. ग्रीस दाबलं जात नाही, ते बुशाच्या मागे शिरतं आणि त्याला वर ढकलतं. बुश वर येईल तसं ग्रीस भरत राहायचं. रॉड सैल असला तर सगळं कडेने उडतं. तेव्हा ग्रीसऐवजी ओल्या कागदाचा लगदा भरा, तो सहसा गळत नाही. चष्मा हवाच.

आता मला विचारायचंय. लेथच्या आटेवाल्या स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, आवळून बसलाय. बॅक गिअर (स्पिंडलचा वेग कमी करणारी दातेरी चाकं) लावून स्पिंडल अडवला तर दात तुटतात, म्हणून तो मार्ग नको. कुणी दात न दुखावता सोडवलाय का?