प्चुम बेनपर्यंत थांबा

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, नवीन आलेल्या घराला शेजारच्या प्रहोकचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा, वास सोसत नाही हे तुमचं खरंच आहे. पण भाद्रपद वद्यापर्यंत दम धरा. बहुधा त्याच पंधरवड्यात इथल्या ख्मेर लोकांचा प्चुम बेन येतो, आपला पितृपक्षच म्हणा ना. आमच्या शेजारच्या आजी चिकट भातात तीळ घालून गोळे वळतात आणि पहाटे अंधारातच पॅगोड्याभोवती पितरांसाठी टाकतात. १९७५ ते १९७९ मध्ये ख्मेर रूजच्या क्रूर राजवटीत गेलेल्या कितीतरी जणांचे अंत्यविधीसुद्धा झाले नाहीत, त्यांची आठवणही त्यात असते. माझ्या सासूबाई या आजींसोबत गोळे वळायला बसल्या, तेव्हापासून आजी दारात चपला काढून थेट आमच्या स्वयंपाकघरात येतात. आणि हो, डॉलर चालतात, पण सेंटची नाणी नाही. सुटे रिएलमध्येच, म्हणजे इथल्या चलनातच, मिळतात, ते जपून ठेवा.