मदत हवी आहे : आईला माहेरच्या जमिनीवर हक्कसोड करून मागतायत, सही करावी का?

नमस्कार. प्रश्न आईच्या माहेरचा आहे. आई ६८ वर्षांची, आमच्याकडे पुण्यात असते. तिला भावाशी भांडायचं नाही, कोर्टात तर मुळीच जायचं नाही. पण काय लिहून देतोय हे नीट कळल्याशिवाय सही करणार नाही, एवढं तिने ठरवलंय. इथे जमिनीच्या कामातले जाणकार आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

गाव सातारा जिल्ह्यात, कराडकडे. आजोबा १९९८ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आजी, दोन मामा आणि तिघी बहिणी. आई मधली, तिचं लग्न १९७८ चं. आजी २०११ मध्ये गेली, तिचंही मृत्युपत्र नाही. धाकटे मामा २०२० मध्ये गेले. त्यांच्यामागे मामी आणि त्यांचा मुलगा, तो आता कॉलेजात आहे. जमीन एकूण साडेपाच एकर. त्यातली साडेतीन पणजोबांपासून चालत आलेली आणि दोन एकर आजोबांनी स्वतःच्या पगारातून १९७४ साली खरेदी केलेली. राहतं घर वेगळं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, अजून आजोबांचंच नाव आहे.

आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद झाली तेव्हा आजी आणि दोघे मामा कब्जेदार म्हणून लागले. तिघी बहिणींची नावं ‘इतर हक्कात’ टाकली. तेव्हा कुणी काही बोललं नाही. धाकट्या मामांच्या जागी मामीचं आणि मुलाचं नाव मात्र अजून लागलेलंच नाही. सातबाऱ्यावर अजून मयत मामांचं नाव चालू आहे.

आता मोठ्या मामांनी रस्त्याकडेचा तीस गुंठ्यांचा गट विकायला काढलाय. गिऱ्हाईकाच्या वकिलाने सातबारा बघितला आणि बहिणींच्या सह्या आणा म्हणून सांगितलं. मामांनी पाचशेच्या स्टॅम्पवर मजकूर टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवलाय. विकायचा आहे एकच गट. पण कागदात त्या गटाच्या नंबरापुढे ‘तसेच मौजे मजकुरातील आमच्या वडिलांच्या नावे असलेल्या इतर सर्व शेतजमिनी व घरमिळकती’ असं आहे. खाली आणखी एक ओळ: ‘सदर हिश्श्याचा मोबदला आम्हांस यापूर्वीच मिळालेला असून आमची काहीएक तक्रार नाही.’ आईला आजवर एक रुपया मिळालेला नाही. ही ओळ वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “खोटं कशाला लिहायचं? मागितलं असतं तर दिलंच असतं की.”

माझ्या शंका अशा. आईचा नक्की हिस्सा किती? लग्न १९७८ चं आणि वडील १९९८ ला गेले, म्हणजे नव्या कायद्याचा तिला उपयोग नाही, असं मामा म्हणतात. नाव इतर हक्कात आहे म्हणजे मालकी नाही, हे खरं का? विकायच्या गटापुरती संमती देऊन बाकीचं आहे तसं ठेवता येईल का? आईच्या मनात असं आहे की घरात तिचं नाव राहावं आणि पुढेमागे शेतीतला तिचा वाटा धाकट्या मामीला आणि तिच्या पोराला द्यावा, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नाही. असं एका भावाच्याच बाजूला देता येतं का? आणि सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे थोरल्या मावशीने हाच कागद गेल्या महिन्यात नोटरीपुढे सही करून दिलाय. तिचं आता काय होणार?

प्रतिसाद १ :

ताई, आधी सही थांबवा. मामांना तसं गोड शब्दांत कळवा, फोनवर नको, मेसेजमध्येच. मग कागद गोळा करा. सगळ्या गटांचे आजचे सातबारे आणि ८अ (एका खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. १९९८ चा वारसनोंदीचा फेरफार (नोंद बदलल्याचा उतारा) आणि १९७४ च्या खरेदीचा फेरफार, हे दोन्ही हवेतच. जुने फेरफार स्कॅन झाले असतील तर ऑनलाइन मिळतील, नाहीतर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घ्यावी लागेल. गावच्या नोंदींवर ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर लक्ष ठेवा. नवीन फेरफार धरला की नोटीस तिथे दिसते आणि हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवसांची असते.

प्रतिसाद २ :

मी कराडच्या जवळच्याच तालुक्यात दिवाणी कामं बघतो. सविस्तर लिहितो.

‘नव्या कायद्याचा उपयोग नाही’ हे मामांचं म्हणणं चूक आहे. पण ते मुद्दाम बोलत असतील असं समजू नका. गावोगाव हा समज अजून पक्का आहे आणि त्याला कारणही आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ती अट लोकांच्या डोक्यात बसली. मग हिंदू उत्तराधिकार कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली, तिच्यात लग्नाची अट नाही. त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तो घोळ मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील २००५ आधी वारले असले तरी तो जात नाही. अपवाद असा: २० डिसेंबर २००४ पूर्वी विक्रीसारखा व्यवहार, नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल तर तो मोडत नाही. त्यामुळे जुन्या फेरफारांत वाटपाची नोंद कुठे आहे का ते जरूर बघा. नुसती वारसनोंद म्हणजे वाटप नव्हे.

आता हिस्सा. आजोबांनी खरेदी केलेली दोन एकर घ्या. १९९८ मध्ये वारस सहा: आजी, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकी एक षष्ठांश. हा हक्क आईला १९५६ च्या कायद्यानेच होता, त्यासाठी २००५ ची गरजच नव्हती. आजी गेल्यावर तिचा षष्ठांश पाचही मुलांत सारखा वाटला गेला, म्हणजे प्रत्येकाला आणखी एक तीसांश. बेरीज केली की बरोबर एक पंचमांश. साडेतीन एकर वडिलोपार्जित जमिनीत जुन्या पद्धतीने १९९८ ला आईच्या वाट्याला जेमतेम एक चोविसांश आला असता. आज तिथेही पाच शाखा धरून पाचवा हिस्सा येतो. धाकट्या मामांचा पाचवा हिस्सा मामी आणि मुलाचा. घराचंही तसंच. पूर्वी राहत्या घरात मुलगे वाटप करेपर्यंत मुलीला वाटप मागता येत नसे, ते कलम २००५ मध्येच गेलं.

इतर हक्कात नाव आहे म्हणून हिस्सा कमी होत नाही. सातबारा हा महसुली कागद आहे, त्याने मालकी येत नाही की जात नाही. उलट ते नाव तिथे आहे म्हणूनच वकिलाने सह्या मागितल्या. नसतं तर व्यवहार परस्पर उरकला असता.

सहीबद्दल. या गटापुरतं आईने आणि मावश्यांनी थेट खरेदीखतातच सामील व्हावं. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा तेवढ्याच लिहायच्या. त्यात ‘मान्यता देणार’ म्हणून नव्हे तर ‘लिहून देणार’, म्हणजे विकणारे, म्हणून नाव घाला आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम चेकने कुणाला किती, हे खतातच येऊ दे. मग वेगळा हक्कसोड लागतच नाही. मान्यता देणाराच्या नावापुढे पैसे दिसत नाहीत आणि नंतर तिथेच वाद होतो. मामी आणि मुलाची वारसनोंद आधी करून घ्या. त्या नोंदीसाठी कोर्टात जावं लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. ई-हक्क या ऑनलाइन सेवेतूनही होतं. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याच कामासाठी.

एकाच वारसाच्या लाभात हक्कसोड करता येतो, पण नाव स्पष्ट लिहावं लागतं. ‘हक्क सोडला’ एवढंच मोघम ठेवलं तर तो वाटा उरलेल्या सगळ्यांत पसरतो. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. वडिलोपार्जित मिळकतीत भावंडं किंवा त्यांचे वारस यांच्यात असेल तर मुद्रांक नाममात्र आहे. बक्षीसपत्राचं तसं नाही. तिथली नाममात्र मुद्रांकाची सवलत नवरा-बायको, मुलंबाळं, नातवंडं यांना आहे, भावाला किंवा भाच्याला नाही. म्हणून कागदाचं नाव आधी नीट ठरवा.

मावशींची नोटरीपुढची सही नोंदणी नसल्यामुळे हिस्सा संपवत नाही. पण ‘मोबदला मिळाला’ ही कबुली उद्या त्यांच्याविरुद्ध दाखवली जाईल. त्यांनी मामांना आणि गिऱ्हाईकाच्या वकिलाला लगेच रजिस्टर पोस्टाने कळवावं की मोबदला मिळालेला नाही आणि त्या कागदावर कुणी व्यवहार करू नये. पत्राची प्रत आणि पावती जपून ठेवा.

प्रतिसाद ३ :

मी भावाच्या जागी आहे म्हणून लिहितोय. आमच्याकडे मीच शेत कसतो. विहिरीचं कर्ज मी फेडलं, आईचं आजारपण मी काढलं, बहिणींच्या मुलांच्या लग्नात आहेरही मीच घेऊन गेलो. आणि आज कागद बघून सगळे सारखे हिस्सेदार होतात तेव्हा आत कुठेतरी दुखतं. कायदा मला मान्य आहे. मामांचा मसुदा चुकीचाच आहे, मोबदल्याची ओळ तर सरळ खोटी आहे. पण तुमच्या आईने बोलताना आधी या कष्टाचा उल्लेख करावा. माझ्या थोरल्या बहिणीने तसं केलं होतं. तिने पाइपलाइनचा खर्च माझ्या बाजूला धरला आणि मग वाटप झालं. आजही भाऊबीजेला ती माझ्याकडे येते.

धागाकर्ती :

प्रतिसाद ३, मनापासून आभार. हे मी आईला वाचून दाखवणार आहे. मोठ्या मामांनीही उपसा योजनेचं कर्ज एकट्याने फेडलंय आणि आजीचं सगळं मोठ्या मामींनी केलंय. आई ते कधीच नाकारत नाही.

प्रतिसाद ४ :

याच धाग्यात विचारतो, चालेल ना? ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटला वडिलांनी सोसायटीत फक्त धाकट्या भावाचं नॉमिनेशन केलं होतं. आता वडील नाहीत आणि भाऊ म्हणतो फ्लॅट माझा.

प्रतिसाद २ :

नॉमिनी म्हणजे मालक नाही. सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्पष्टच आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद असतो. मृत्युपत्र नसेल तर आई हयात असल्यास तिच्यासकट सगळ्या भावंडांना सारखा हिस्सा. सोसायटीला लेखी कळवून ठेवा म्हणजे परस्पर विक्रीला ना हरकत दिली जाणार नाही. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं राहून जाईल.

प्रतिसाद ५ :

वकिलाच्या फीची अडचण असेल तर, विशेषतः मामींसाठी लिहिते. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, १५१०० वर फोनही करता येतो. मी माझ्या सासूबाईंसाठी केलंय. समोरच्याला बोलावून समझोता घडवण्याचा प्रयत्नही तेच करतात, दावा टाकायच्या आधी. तुमच्या आईला हेच हवंय ना?

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. रविवारी आईने मामांना स्वतः फोन केला. आधी उपसा योजनेचं कर्ज, आजीचं आजारपण, सगळं ती बोलली. मग म्हणाली की गट खुशाल विक, मी सहीला येते, पण खरेदीखतावर, आणि तुझा कर्जाचा खर्च वजा करून उरलेल्याचे पाच वाटे कर. मामा आधी चिडले. “तुला पोरीने शिकवलं” म्हणाले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, की वकिलाला मसुदा बदलायला सांगतो, पण घराचं आत्ता काढू नको.

आई घराचं काढणार आहे. भांडणासाठी नाही. नमुना ८ वर आजोबांच्या जागी सगळ्या वारसांची नावं लागावीत, मामींचंही, एवढंच तिला हवंय. थोरल्या मावशीचं पत्र आम्ही तयार केलंय, ती उद्या पोस्टात टाकेल. मामींना मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत घेऊन जाणार आहे.

आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. कर्जाचा खर्च वजा करायचा तर त्याची नोंद खरेदीखतात करावी की भावंडांत वेगळा लेखी करार करावा? आणि कराडच्या बाजूला कुणी नुकतीच घराची वारसनोंद ग्रामपंचायतीत करून घेतली असेल, तर मृत्यूच्या दाखल्याशिवाय कोणते कागद मागितले आणि मासिक सभेच्या ठरावाला किती वेळ गेला, ते कृपया सांगा. आईला घेऊन मी पुढच्या आठवड्यात गावी जातेय.