मदत हवी आहे: पावसात सायकलने पहिने की दुगारवाडी?

नमस्कार मंडळी,

श्रावणातली गर्दी सुरू व्हायच्या आत एखाद्या रविवारी नाशिकहून सायकलने धबधबा गाठायचा बेत आहे. सोबत नववीतला भाचा. माझी गिअरची हायब्रिड आहे, त्याची बिनगिअरची. सोमेश्वर धबधब्यापर्यंत आमचं नेहमीच जाणं-येणं असतं, पण तिथे गंगापूर धरणातून पाणी सोडलं तरच मजा. त्याला खरा डोंगरातला धबधबा बघायचाय.

सातपूर, महिरावणी, अंजनेरी करत त्र्यंबकपर्यंत साधारण 28-30 किमी, तेवढा रस्ता माहीत आहे. पुढे जव्हार रस्त्याने दुगारवाडी, की अलीकडेच पेगलवाडी फाट्याला घोटीकडे वळून पहिने? भाच्याच्या मनात दुगारवाडी आहे (रील्स बघून, अर्थात). माझं मन होत नाही. शिवाय पहिन्याहून घोटीमार्गे हायवेने परतावं, की आल्या वाटेनेच? सायकली कुठे ठेवता येतील?

प्रतिसाद: गोदाकाठ

पोराला घेऊन दुगारवाडी नको. सायकल वर सोडून दरीत उतरावं लागतं, ओढा ओलांडावा लागतो. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला की खाली तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही पाणी बघता बघता वाढतं आणि माणसं पलीकडे अडकतात. दिवाळीच्या आसपास न्या त्याला, पाणी कमी असेल पण जीव थाऱ्यावर राहील.

पहिन्याला डोंगरावरून उतरणाऱ्या धारा रस्त्यावरूनच दिसतात. सायकल नजरेआड करायची गरजच नाही, तरी कुलूप न्या. आणि रविवार सोडा, शनिवारी पहाटे निघा. नऊनंतर तिथे गाड्यांची रांग आणि स्पीकरचा धिंगाणा.

प्रतिसाद: बिनगिअरवाला

अंतराला घाबरू नका. नाशिक ते त्र्यंबक उंचीचा फरक सव्वाशे मीटरच्या आसपास, तोही पसरलेला. दम काढतो तो वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना तोंडावर. बिनगिअरच्या सायकलला हाच खरा चढ. भाच्याला तुमच्या मागे, थोडं अंतर ठेवून चालवू द्या, निम्मा वारा तुम्ही खाल. येताना तोच वारा पाठीशी, उतारही सोबतीला, म्हणून आल्या वाटेनेच परता. घोटीकडून अंतर वाढतं, वर मुंबई-आग्रा हायवेवर ट्रकच्या चाकांचा चिखल तोंडावर घेत यायचं. पोरासोबत तर नाहीच.

ब्रेक रिमचे असतील तर ओल्यात उशिरा लागतात, पहिने बारीच्या उतारावर आधीपासून हलके दाबत राहा. मागे लाल दिवा दिवसाही चालू हवा, धुक्यात सायकल दिसत नाही. ओल्या टायरला बारीक खडी चिकटून पंक्चर जास्त होतात, तेव्हा दोन्ही मापांच्या ट्यूब आणि पंप जवळ असू द्या.

धागाकर्ता

पहिने पक्कं, शनिवारी. भाचा फुगलाय, पण येतोय. त्याच्या सायकलला मडगार्ड नाहीत, साधे प्लास्टिकचे बसवले तर टिकतील का?