नाथसागरावर पक्षी बघायचे तर होडी की गाडी?

प्रश्न: जालन्याहून आईला घेऊन नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर निघतोय. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) होडीतून जवळून दिसतील का?

उत्तर १: भाऊ, होडी घेऊन रोहितांच्या मागं लागू नका, सगळा थवा उठतो. ते उथळ पाण्यात चोच उलटी धरून गाळ गाळत असतात. तिथं होडी रुतते ती वेगळीच. गाडी काठाला लावा अन् आतूनच दुर्बीण धरा. पट्टकादंब हंस (बार-हेडेड गूज) मात्र सकाळी हरभऱ्याच्या रानात चरताना सापडतात. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे, पण शेतकऱ्याला काय त्याचं कौतुक!

उत्तर २: दिवाळीत धरण भरलेलं असलं तर नका येऊ. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी उतरून चिखल उघडा पडला की या.

प्रश्नकर्ता: आईला होडीचीच हौस आहे हो.

उत्तर १: मग लाइफ जॅकेट असेल तरच बसवा मावशीला.