मदत हवी आहे : चारकोपच्या खाडीकाठी काजळा (खारफुटीची एक जात) आहे का, आणि तो कसा राखावा?

मंडळी, खारफुटीतल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर.

चारकोपच्या मागे खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठी, तिवरांच्या, म्हणजे नेहमीच्या खारफुटीच्या, गर्दीत एक सदाहरित झुडूप आहे. माणसापेक्षा थोडं उंच. तिवराची पानं समोरासमोर येतात आणि खालून राखाडी दिसतात; याची एकाआड एक, टोकाशी गोलसर, देठ तांबूस. मिठाचे कण दोघांच्याही पानांवर साचतात, त्यामुळे ती खूण कामाची नाही. उन्हाळ्यात पांढऱ्या, वासाच्या फुलांचे झुपके होते आणि मधमाश्या नुसत्या घोंगावत होत्या. आता शिंगासारखी वाकडी, टोकदार फळं धरली आहेत. मला तर हा काजळाच वाटतो. कोकणात खाडीच्या वरच्या अंगाला, गोडं पाणी मिसळतं तिथे तो दिसतो. मुंबईत तिवरच तिवर, काजळा शोधावा लागतो.

अडचण अशी की आमच्याकडचा एक गट या पावसाळ्यात त्याच्या आजूबाजूच्या मोकळ्या चिखलात कांदळाची, म्हणजे दुसऱ्या जातीच्या खारफुटीची, रोपं लावणार आहे. मुलं मनापासून राबणारी आहेत, त्यांना नको म्हणणं जड जातं. पण तिथे काजळ्याचीच फळं पडून रुजायला हवीत ना? शिवाय बांधाकडून रात्री राडारोडा पडतो, तो दर महिन्याला पुढे सरकतोय. काय करावं?

प्रतिसाद :
वर्णनावरून काजळाच. खात्रीसाठी गळून पडलेलं एखादं फळ उभं चिरून बघा. काजळ्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, पण अंकुर सालीच्या आतच राहतो. कांदळाचा लांब शेंगेसारखा बाहेर लोंबतो. त्या चिखलात कांदळ नकोच. मोकळा दिसणारा चिखल रिकामा नसतो, खेकडे, निवट्या (चिखलातले मासे), पाणपक्षी सगळे त्यावर जगतात. मुलांना प्लास्टिक काढायला लावा. फळं अडकून राहतात ती त्याच कचऱ्यात.

राडारोड्याचे फोटो ठिकाणासह कांदळवन कक्षाला (वनखात्याचा खारफुटी सांभाळणारा विभाग) आणि तहसीलदारांना लेखी द्या, पोच घ्या. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार खारफुटीभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे, हे अर्जात लिहाच.

धागाकर्ती :
मनापासून आभार. अर्ज उद्याच देते. थोडी फळं रोपवाटिकेत वाढवली तर? आणि पाणी खाडीचं द्यायचं का?

प्रतिसाद :
आधी कक्षाची परवानगी घ्या, जागा वनखात्याकडे असू शकते. झाडावरची हिरवी फळं ओरबाडू नका. हलक्या हातानं सुटतील तेवढीच घ्या, निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या. पिशवीत खाडीचाच गाळ भरा. पाणी सुरुवातीला मचूळ पुरे, निव्वळ खारं नको.