घरच्या शेडमध्ये नवीन लेथ बसवताना: टेपरचा दोष यंत्राचा की जमिनीचा?

कृष्णाकाठ
नमस्कार. सेवानिवृत्तीनंतर छंद म्हणून घराच्या मागील शेडमध्ये लहानशी कार्यशाळा उभी करत आहे. मुक्काम सांगली. गेल्या महिन्यात राजकोटहून चार फुटी बेडचा (ज्यावर बाकीचे भाग बसतात त्या लांब पायाचा) नवीन लेथ, म्हणजे बार फिरवून कापणारे यंत्र, मागवला. सेंटरची उंची १५० मिमी, व्ही-बेल्ट आणि कोन पुलीचा (पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीचा) साधा हलका लेथ आहे. चक, म्हणजे बार धरणारी पकड, स्पिंडलच्या (फिरत्या दांड्याच्या) आट्यांवर बसतो. मोटर १ एचपी, थ्री फेज आली आहे आणि घरात जोडणी मात्र सिंगल फेजची आहे.

शेडमध्ये शहाबादी फरशी आहे. लेथ सध्या तिच्यावर नुसता उभा असून बोल्ट घातलेले नाहीत. गवंड्याची लेव्हल बेडवर उभी-आडवी ठेवून पाहिली, तेव्हा बुडबुडा दोन्हीकडे मध्यावर होता. मोटर अजून चालवता येत नसल्याने शेजारच्या वर्कशॉपमधून तात्पुरती सिंगल फेज मोटर आणून बसवली आणि ३० मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार फक्त चकात धरून, टेलस्टॉकचा (उजव्या टोकाच्या टेकूचा) आधार न देता, दोन टोकांना १५० मिमी अंतरावर कॉलर, म्हणजे अरुंद गोल पट्टे, कापून पाहिले. टेलस्टॉककडील कॉलर चकाजवळच्या कॉलरपेक्षा ०.०६ मिमी मोठा निघाला. नव्या यंत्रात इतका टेपर, म्हणजे एका टोकाकडे व्यास वाढत जाणे, योग्य आहे का? विक्रेत्याशी दूरध्वनीवर बोललो, तेव्हा हेडस्टॉकचे (स्पिंडल ज्यात बसतो त्या डाव्या भागाचे) बोल्ट सैल करून तो किंचित फिरवावा असा सल्ला मिळाला. तो मानावा, की यंत्र परत पाठवावे?

आणखी एक अडचण सांगतो. २०१९च्या महापुरात याच शेडमध्ये कमरेएवढे पाणी होते. त्यामुळे यंत्र जमिनीत कायमचे पक्के करावे की नाही, याविषयी मन साशंक आहे.

जुनाटर्नर
यंत्र परत पाठवू नका आणि हेडस्टॉकला तर मुळीच हात लावू नका. चाळीस वर्षे लेथवर काढली, त्यातली पहिली दहा हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथवर. तेव्हा आमचे उस्ताद सांगत की नव्या यंत्राचा पहिला टेपर हा जमिनीचा असतो, यंत्राचा नव्हे. तुमच्या बाबतीतही बहुधा तसेच आहे.

चार फुटी हलक्या लेथचा बेड बिडाचा असला तरी तो पिळला जातो, आणि चार पायांपैकी एक जरी अधांतरी असेल, तरी यंत्राच्या स्वतःच्या वजनानेही पिळला जातो. ओला टॉवेल पिळताना एक टोक स्थिर धरून दुसरे फिरवावे, तसे हेडस्टॉककडचे टोक एका पातळीत आणि टेलस्टॉककडचे टोक किंचित निराळ्या कोनात बसते. सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, उजवीकडे सरकते तसे टूल जॉबच्या (कापायच्या बारच्या) अक्षापासून हळूहळू दूर जाते किंवा जवळ येते. तुमच्याकडे उजवीकडचा कॉलर मोठा आहे, म्हणजे टूल दूर जात आहे, म्हणजे टेलस्टॉककडचा पुढचा, आपण उभे राहतो त्या बाजूचा, पाय खाली बसला आहे. तो उचलला की बेडचा वरचा भाग मागे झुकतो आणि टूल जॉबकडे सरकते. कॉलर लहान निघाला असता, तर त्याच टोकाचा मागचा पाय उचलावा लागला असता.

आता आकडे पाहा. व्यासात ०.०६ म्हणजे त्रिज्येत ०.०३ मिमी, तेही १५० मिमी लांबीत. पायांमधील अंतर मीटरभर धरले, तर पूर्ण लांबीत ते साधारण ०.२ मिमी होते. तुमच्या यंत्रावर पुढच्या-मागच्या पायांमधील रुंदी आणि बेडच्या मध्यापासून टूलची उंची ही मापे एकमेकांच्या जवळपास असावीत, म्हणून पायाखाली लागणारी शिमही (पातळ पत्रीही) साधारण ०.२ मिमीचीच, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. रुंदी २०० मिमी असेल, तर हा पीळ मीटरमागे १ मिमीचा झाला. गवंड्याच्या लेव्हलला मीटरमागे अर्धा-एक मिमी जेमतेम कळतो. म्हणून बुडबुडा मध्यावर दिसला, यात त्याचा दोष नाही. या कामाची लेव्हल मीटरमागे ०.०२ मिमी दाखवणारी असते. ती महाग असते, आणि एकदाच्या कामासाठी विकत घेऊ नये. तुमचा कॉलरचा बारच तिच्याइतका, किंबहुना जास्त प्रामाणिक साक्षीदार आहे.

लेथ पाण्यासारखा समतल असलाच पाहिजे, असाही समज आहे. तो चुकीचा आहे. जहाजांवरच्या वर्कशॉपमध्येही लेथ चालतात आणि तिथे समतल काय राहणार? दोन्ही टोके एकमेकांशी एकाच कोनात असणे एवढेच महत्त्वाचे, मग सारे यंत्र एका बाजूला किंचित कललेले का असेना. समतल ठेवण्याचा फायदा इतकाच की मोजमाप सोपे होते आणि कूलंट योग्य बाजूला वाहते.

हेडस्टॉकविषयी एवढेच सांगतो. या बनावटीत तो बहुधा बेडच्या व्ही-आकाराच्या कडांवरच बसतो. बोल्ट सैल केल्याने तो फिरत नाही, फिरवायचा म्हटले तर खालून स्क्रेपिंग करावे लागते. विक्रेत्याने सल्ला दिला, कारण तो फुकट असतो.

पट्टीचा_माणूस
जुनाटर्नर यांच्याशी सहमत आहे, मात्र त्याआधी एक शंका. कॉलरवरचा शेवटचा कट आपण किती खोल आणि कोणत्या टूलने घेतला? १७० मिमी बाहेर आलेल्या ३० मिमीच्या बारवर कार्बाइड इन्सर्टने (टूलवर बसवायच्या तयार कठीण टोकाने) जाड कट घेतला, तर बार स्वतःच वाकतो. टूलचा दाब बाजूने १०० न्यूटन जरी झाला तरी टोक सुमारे ०.०२ मिमी हटते आणि व्यासात ते दुप्पट दिसते. टोकाकडचा कॉलर मोठा दिसण्याचे तेही एक कारण असू शकते, म्हणजे आपल्या ०.०६ मधला बराचसा भाग पिळाचा नसून वाकण्याचा असेल.

म्हणून शेवटचा कट ०.०५ मिमीपेक्षा अधिक नको. एचएसएस (हायस्पीड स्टीलचे) टूल ताजी धार लावून, टोक जवळजवळ अणकुचीदार ठेवून घ्या, कारण गोलाकार टोकाचे इन्सर्ट कापण्यापेक्षा जॉबला ढकलते अधिक. शेवटी क्रॉस-स्लाइड (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणारा भाग) न हलवता दोन्ही कॉलरवरून आणखी एकदा टूल फिरवा आणि मगच मायक्रोमीटर लावा. दोन्ही कॉलर जॉब गार झाल्यावर मोजावेत, कारण नुकताच कापलेला कॉलर गरम असतो आणि गरम लोखंड मोठे भासते.

यासोबत दुसरी सूचना. चालवण्याआधी यंत्र उघडून साफ केले नसेल, तर आता करा. स्वस्त नव्या यंत्राच्या ॲप्रनमध्ये (सॅडलच्या पुढच्या गिअरपेटीत) आणि सॅडलखाली ओतकामाची वाळू, रंगाचे ढेकूळ आणि कारखान्यातल्या चिप सापडणे यात आश्चर्य नाही. माझ्या यंत्रात तर एक अख्खी काडेपेटी निघाली होती. गिब (सरकत्या भागांतली फट भरणाऱ्या पट्ट्या) काढा, डिझेलने धुवा, वाइपरच्या फेल्टला तेल द्या आणि सरकत्या पृष्ठभागांना ६८ ग्रेडचे स्लाइडवे तेल लावा. हेडस्टॉकमध्ये कंपनीने तेल भरले आहे असे गृहीत धरू नका, अशी यंत्रे बरेचदा कोरडीच येतात.

वायरमन_मिरज
विजेचे सांगतो, कारण तेथेच लोक मोटर जाळतात. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (सिंगल फेजचे थ्री फेज करून मोटरचा वेग बदलणारे उपकरण) २३० व्होल्ट घेतो आणि २३० व्होल्टचाच थ्री फेज देतो. तो ४१५ व्होल्ट तयार करत नाही. मोटरच्या पाटीवर केवळ ४१५ व्होल्ट स्टार असे लिहिले असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके नसतील, तर ती मोटर डेल्टा (कमी व्होल्टेजची जोडणी; स्टार ही जास्त व्होल्टेजची) करता येत नाही आणि व्हीएफडीवर दुबळी चालेल. सहा टोके असून २४०/४१५ लिहिले असेल, तर पट्ट्या बदलून डेल्टा करा. यांपैकी काहीच जमत नसेल, तर आणलेली सिंगल फेज मोटरच कायम ठेवणे शहाणपणाचे आहे.

व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये यंत्राचा मूळचा ड्रम स्विच (हाताने फिरवायचा चालू-बंद-उलट स्विच) ठेवू नये. तो स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवर जोडावा. चालू मोटरची तार मध्येच तोडली, तर व्हीएफडीचे आउटपुट मॉड्यूल दगावू शकते.

तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचे हे की चक आट्यांवर बसतो. व्हीएफडीने बटण दाबताक्षणी उलटे फिरवले किंवा अर्ध्या सेकंदात थांबवले, तर जड चक आपल्या वेगाने आट्यांवरून उलगडत येतो आणि पायावर पडतो. थांबण्याचा वेळ चार-पाच सेकंद ठेवा आणि उलट फिरवण्याचे बटण शक्यतो जोडूच नका. अर्थिंगची तार यंत्राच्या बेडला स्वतंत्र जोडा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. व्हीएफडीच्या गळतीने तो कधीकधी विनाकारण पडतो, पण त्या कारणाने काढून टाकू नका, व्हीएफडीसाठी योग्य प्रकारचा घ्या.

जुनाटर्नर
पायाविषयी राहिले होते. शहाबादी फरशीखाली मुरूम असतो आणि ती थोड्या वजनानेही एका कोपऱ्याला दबते, म्हणून फरशीवर बोल्ट मारून उपयोग नाही. लेथच्या पायांखाली, भोवती वीतभर जास्त जागा सोडून, फरशी काढा, दीडशे मिमी काँक्रीट भरा, बोल्टसाठी खड्डे ठेवा आणि आठवडाभर पाणी मारा. मग यंत्र चढवा. उचलताना पट्टा बेडखालून घ्या, लीड स्क्रू किंवा स्पिंडलला कधीही नाही, आणि सॅडल टेलस्टॉककडे सरकवून तोल साधा.

रबरी पॅडांचा सल्ला कोणी देईल. हलक्या बेडच्या लेथला मी ते घालत नाही. हा बेड मुळातच लवचीक असतो आणि त्याला ताठ ठेवण्याचे निम्मे काम काँक्रीट करते. शिम पितळेच्या पत्र्याची घ्या. तपासणीपुरता शीतपेयाच्या डब्याचा कापलेला पत्रा चालतो, त्याची जाडी सुमारे ०.१ मिमी असते, पण कायमसाठी तो मऊ पडतो.

पुराचे भय रास्त आहे. त्यावर बोल्ट कायमचे न गाडणे हाच उपाय. ओतलेल्या नट-सॉकेटमध्ये बोल्ट घाला, म्हणजे ते निघतील. मोटरला प्लग-सॉकेट ठेवा, पाणी चढताना मोटर आणि व्हीएफडी निदान माडीवर नेता येतील. यंत्र पुन्हा बसवल्यावर कॉलर कापून पीळ तपासावाच लागेल.

कृष्णाकाठ
अडीच महिन्यांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. काँक्रीट भरून यंत्र बोल्टवर बसवले. धारदार एचएसएस टूलने ०.०५ मिमीचा कट घेतल्यावर टेपर ०.०६ वरून ०.०४ वर आला, म्हणजे पट्टीचा माणूस यांचा अंदाज खरा ठरला. राहिलेल्या ०.०४ साठी हिशोबाने ०.१३ मिमीची शिम येत होती, पण मी प्रथम ०.१० मिमी पितळेची पत्री टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली घातली. बोल्ट आवळल्यावर फरक ०.०१ राहिला. आणखी ०.०३ मिमीची पत्री घातली, तेव्हा १५० मिमी लांबीत तो ०.००४ झाला. त्यापुढे माझा मायक्रोमीटर आणि माझा हात यांच्यावरच मला भरवसा नाही.

ॲप्रनमध्ये वाळू होतीच, चहाच्या कपभर. मोटरला सहा टोके निघाली, डेल्टा जोडणी करून व्हीएफडी लावला आहे. वेगाच्या प्रत्येक टप्प्यावर पंधरा मिनिटे चालवले आणि हेडस्टॉकच्या बेअरिंगवर हात ठेवून पाहिले, हात बिनधास्त टेकतो.

टेलस्टॉक अजून जुळवलेला नाही. दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोके टोकदार आधारांवर धरून, ३०० मिमीचा बार कापला, तेव्हा त्यात ०.०५ मिमी टेपर आहे, मात्र बेडचा पीळ गेल्यावर हा दोष टेलस्टॉकच्या आडव्या सरकण्याचाच उरतो असे वाटते. उद्या त्याचे स्क्रू हलवून पाहतो.

जुनाटर्नर
बरोबर क्रमाने निघाला आहात. टेलस्टॉककडचे टोक जाड असेल तर तो तुमच्याकडे ०.०२५ सरकवा, म्हणजे व्यासातल्या फरकाच्या निम्मा, आणि डायल गेज क्विलला (टेलस्टॉकच्या सरकत्या नळीला) लावूनच हलवा. काँक्रीट अजून आकसते आहे, तेव्हा दिवाळीनंतर कॉलर पुन्हा एकदा कापून पाहा.