मदत हवी आहे: डिश १८१६ ची आणि झाकण १८२२ चं? जुन्या इंग्लिश चांदीचे जाणकार आहेत का इथे?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात रेडिंगला राहते. शेजारच्या इंग्लिश आजी गेल्या महिन्यात वृद्धाश्रमात राहायला गेल्या. जाताना "तुझ्या मसालेभाताला होईल" म्हणून चांदीची मोठी झाकणाची डिश माझ्या हातात ठेवली. आँत्रे डिश म्हणतात हिला. झाकणाची मूठ जराशी फिरवली की निघून येते, मग झाकण उलटं ठेवायचं, झाली दुसरी डिश! घरच्या काट्यावर सगळं मिळून १ किलो ७४० ग्रॅम भरलं, म्हणजे जवळपास दीडशे तोळे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आधी परत देऊन ये."

आता घोळ ऐका. डिशच्या कडेला पाच ठसे आहेत. कारागिराची आद्याक्षरं, सिंह (म्हणजे स्टर्लिंग, ९२.५ टक्के), मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड (लंडन), लहान लिपीतलं 'ए' आणि राजाचं मुंडकं. लंडनची वर्षाक्षरं (दर वर्षी पुढचं अक्षर) वीस-वीस वर्षांच्या फेऱ्यांत चालायची, आणि १७९६ च्या फेरीत अक्षरं मोठ्या लिपीत होती, त्यामुळे हे 'ए' १७७६ चं की १८१६ चं, यावर दोन रात्री भिंग घेऊन बसले. पण राजाचं मुंडकं ही कर भरल्याची खूण, आणि ती सुरू झाली १७८४ मध्ये. म्हणजे १८१६! इथवर स्वतःचीच पाठ थोपटली.

झाकणावर मात्र 'जी' आहे, आणि बिबट्याचा मुकुट गायब. सिंहसुद्धा वेगळा. डिशवरचा मान वळवून आपल्याकडे बघतो, झाकणावरचा नाकासमोर चालतो. हिशोबाने १८२२. मुठीवर ठसाच दिसत नाही.

इथल्या एका दुकानदाराने "जोड जमत नाही" म्हणत लगेच मोडीचा भाव सांगितला. त्यात सासूबाईंनी प्रेमाने टूथपेस्ट लावून झाकण घासलंय. लखलखतंय, पण उजेडात धरलं की बारीक ओरखडे दिसतात. विकायची घाई नाही. झाकण दुसऱ्याच डिशचं आहे का, एवढं कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
ताई, टूथपेस्ट आजच्या आज बंद! चांदी पुसायचं मऊ फडकं पुरे. डिशवॉशरमध्ये घालू नका, रबरबँड लावून ठेवू नका (गंधकाने काळी पडते), मिठाचा पदार्थ वाढला तर लगेच धुवा.
मोडीत तर मुळीच देऊ नका. या डिश बहुधा दोन किंवा चारच्या संचात करायचे, आणि झाकणांची अदलाबदल होऊ नये म्हणून आतल्या कडेला आकडे किंवा टिंबं कोरायचे. ते शोधा. झाकणावर तोंडाची वाफ सोडून बघा, घराण्याचं चिन्ह खोडलेलं असेल तर त्याची सावली दिसते. आणि मुख्य म्हणजे कारागिराची आद्याक्षरं दोन्हीकडे तीच आहेत का?

धागाकर्ती
बापरे, आकडे आहेत! डिशच्या कडेला ३, झाकणाच्या आतही ३, मुठीच्या बुडाला मात्र १. आद्याक्षरं दोन्हीकडे तीच. म्हणजे तिसरं झाकण हरवलं किंवा चेपलं, आणि सहा वर्षांनी त्याच कारागिराकडून नवं करून घेतलं असणार. आता रविवारी आजींना भेटायला जाते आणि उरलेल्या तीन डिश कुणाकडे गेल्या ते विचारते.